एकही ओढा सोडणार नाही

वसुधाताईंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलात, तर तिळगुळाआधी हातात पेन्सिल येते. समोर नकाशा टांगलेला, अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका आदिवासी टापूचा. वाण म्हणून मिळालेली बियांची माळ त्यातल्या कुठल्या गावच्या बाईने ओवली, ते शोधून खूण करायची. मगच कुंकू. पहिल्या वर्षी मी घाईत भर नदीत खूण केली, तर ताईंनी मला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं!

ताई इथे आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात नकाशे करतात. वय पंचावन्न, एकट्या राहतात. "आज गारठा आहे हो," म्हणालात तरी उत्तर एकच, "कोण म्हणतं?"

माळा येतात स्लायगोच्या एका म्हाताऱ्या ननबाईंकडून. त्यांची उमेदीची वर्षं त्या जंगलातल्या शाळेत गेली. गुंजांसारख्या लालकाळ्या बिया. त्या माळांवर तिथल्या चुली पेटतात, आणि मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंचा पगार निघतो.

यंदा आमच्या मराठी मंडळाला हे डाचलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, वाण आपलं हवं. स्टीलचे डबे देऊ."

"डबे? माझ्या किचनच्या प्रेसचं दार लागत नाही डब्यांनी." कपाटाला इथे प्रेसच म्हणतात.

"पण ही आपली परंपरा नाही."

"कोण म्हणतं? बाईने बाईला द्यायचं, ही परंपरा. ती बाई कुठली असावी, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

ताईंना मंडळाचा हॉल मिळाला नाही. ताईंनी हॉलच्याच कार पार्कमध्ये, गाडीची डिकी उघडून हळदीकुंकू मांडलं. पावसात छत्र्यांची ही रांग लागली, आणि रांगेत पहिली अध्यक्षांची बायको. अध्यक्ष आत डबे राखत बसले. मला मनापासून आनंद झाला.

ताईंचं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं. एका लाकूड कंपनीने नकाशातला तो टापू तिथल्या सरकारकडे मागितला होता. म्हणे, जमीन रिकामी आहे. "कोण म्हणतं रिकामी?" ताई दातओठ खात होत्या. सोमवारच्या सुनावणीआधी नकाशा पोचायला हवा होता, आणि त्यावर प्रत्येक ओढ्याचं, त्या लोकांच्या तोंडचं नाव. मास्तरीणबाई गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून व्हॉइस नोट पाठवायच्या, ताई ऐकून लिहायच्या.

मी मदतीला गेले. तासाभरात माझं डोकं उठलं. "ताई, एवढे बारके ओढे सोडू या ना. नकाशा ग्रँड झालाय."

"सोडू?" ताई कडाडल्या. "बिननावाचा ओढा म्हणजे बिनमालकाचा. एकही सोडणार नाही!"

एकही सोडला नाही. रविवारी दुपारी नकाशा रवाना झाला. निकाल यायचा तेव्हा येईल.

पसारा आवरताना खणात एक जुना कागद सापडला. पेन्सिलीने काढलेलं गाव. घरं, मारुतीचं देऊळ, मळे, सगळ्यांवर नावं. कडेच्या एका ओढ्यापुढची जागा तेवढी कोरी होती.

"हे कुठलं गाव?"

"माझं. धरणात गेलं. सात वर्षांची होते मी."

"आणि या ओढ्याचं नाव?"

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना असं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आम्ही पोरं नुसतं ओढा म्हणायचो. नाव होतं त्याला, आईला ठाऊक होतं. विचारायचं राहून गेलं. आता ते ठाऊक असलेलं गावचं कुणीच उरलं नाही गं."

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हणून मास्तरीणबाईंच्या मागे लागते," ताई म्हणाल्या. "म्हटलं, गावातल्या म्हाताऱ्या आहेत तोवर विचारून घ्या."