विमानाला नारळ, तुळजाबाईला शेरा

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ खाली ठेवा घडीभर. अंबडच्या एका दप्तरात धडधडीत जिवंत बाई कशी वारली, ते सांगतो. गोष्ट खोटी वाटेल, पण शिक्का खरा आहे.

शहागडच्या तुळजाबाईला त्या दिवशी पाचच्या आत आपण हयात असल्याचं सिद्ध करायचं होतं. न केल्यास ‘हयात पडताळणी उपकक्षा’च्या नियमाप्रमाणे ती मयत, आणि निराधाराचा पगार बंद. काम सोपं होतं. मोबाईलसमोर तोंड धरायचं, डोळे मिचकावायचे. मोबाईल हो म्हणाला की बाई जिवंत. अडचण एवढीच, की अंबडला येताना एसटीत वाटभर तिनं मोबाईलवर कीर्तन ऐकलं होतं. कथा रंगात आली आणि मोबाईलनं मान टाकली.

“साहेब, तिथं चार्जिंगला लावू का?” तिनं दप्तराच्या भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

“तो बोर्ड शासकीय कामासाठी हाये,” धर्मराज बाबू म्हणाला. “हयात असणं ही तुमची खाजगी बाब झाली, मावशी.”

“मी तर तुमच्या पुढ्यातच बसून राह्यले की.”

“मी बी पाहून राह्यलो. पण माझ्या पाहण्याची नोंद होत न्हाई.”

चित्रगुप्ताच्या दारात तरी तोंड बघून ओळखत असतील, असं तिच्या मनात आलं. मग तिला आठवलं, नात अक्षतानं दिलेली पॉवर बँक पिशवीत आहे. तिनं ती काढली. पाठीवर ढगांतून झेपावणारं लढाऊ विमान, शेपटीवर तिरंगी पट्टा.

धर्मराज खुर्चीतून उठला. “मावशी, हे असं पिशवीत? चपलांबरोबर?”

“चपला न्हाईत. भाकरी हायेत.”

विमान तातडीनं कक्षप्रमुख राधेश्यामसाहेबांपुढे सादर झालं. सैन्यदलाच्या चित्रांचा यथोचित सन्मान राखावा, असं परिपत्रक होतं. ‘यथोचित’ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. म्हणून साहेबांनी दोन्ही बाजूंनी विचार करून जास्तीत जास्त ठरवलं.

“सन्मान होईपर्यंत विमानाला वायर लावता येणार नाही.”

“अहो, आधी लावा, मंग करा सन्मान,” तुळजाबाई म्हणाली. “चार वाजून गेले.”

“मावशी, बिनपूजेची गाडी तुम्ही रस्त्यावर काढता का? आणि हे तर विमान हाये,” धर्मराज म्हणाला.

तिच्या जावयाचा नवा ट्रॅक्टर मुहूर्तापायी तीन दिवस दारात उभा होता, आणि ते तिच्याच सांगण्यावरून. तिनं कनवटीची बुक्क्याची डबी पुढे केली.

टेबलावर चादर आली, झेंडूचा हार आला, चाकं दिसेनात म्हणून लिंबू पंखाखाली ठेवलं. साहेब सतर्कतेवर बोलले. सतर्कता लांबली. सगळ्या स्टाफनं मोबाईल वर धरून चित्रीकरण केलं. पाचाला दहा कमी असताना धर्मराजनं नारळ फोडला आणि आतलं पाणी विमानावर मोकळ्या हातानं, भक्तिभावानं शिंपडलं.

पॉवर बँकेचे चारही दिवे एकदम लागले. टाळ्या पडल्या. मग चारही विझले.

पाच वाजता धर्मराजनं रजिस्टर ओढलं. मनानं माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नका मावशी. तुम्ही गेल्या.”

“मंग आता?”

“दुरुस्तीचा अर्ज. वारसानं करायचा. सोबत मयताची सही.”

विमान काचेच्या कपाटात विराजमान झालं. पावतीवर लिहिलं: ‘विमान एक, सुस्थितीत.’

त्या पूजेचा फोटो जिल्हाभर फिरला. तुमच्याही मोबाईलवर आला असेल. खाली हात जोडून तुम्ही पुढे पाठवला असेल. मीही पाठवला. आता एकदा पुन्हा उघडा. हाराच्या डाव्या अंगाला, डबी धरलेली, अर्धी कापली गेलेली एक म्हातारी दिसेल. तिच्या डोक्यामागे पाटी आहे. तिला वाचता येत नाही, आपल्याला येतं. ‘पडताळणीसाठी मोबाईल कोणाचाही चालेल.’

तुळजाबाई तिचं नाव. दप्तरात ती आता नाही, तेवढी तुम्ही ध्यानात ठेवा.