अकराव्या दगडापाशी वाहनतळ

कालव्याकडेच्या खडीच्या वाटेवर मोटारीच्या चाकोऱ्या उमटल्याचे आढळून आले, आणि त्याच दुपारी मसुदाताईने संबंधित कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला.

मसुदाताई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. एका मोठ्या संस्थेत ती एकवीस वर्षं पत्रांचे मसुदे करत होती, म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं ते टोपणनाव. ‘आपल्या पत्रास अनुसरून’ आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ या दोन टोकांच्या मध्ये जगातली कुठलीही गोष्ट बसवता येते, असा तिचा अनुभव होता. बसत नसेल तर सोबत जोडपत्र देता येतं.

वाट तिच्या बाबांची होती. मालकीची नव्हे, सवयीची. बाबा कालवा निरीक्षक होते. रोज सायकलवरून एकोणीस किलोमीटर जायचं आणि पाण्याची दारं तपासायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही ते जातच राहिले. निवृत्तीचा आदेश आपल्याला आलाय, कालव्याला कुठे आलाय, असं ते म्हणायचे. आधी कालव्याचा भराव, मग कुरण, मग फळबागा, मग रूळ उचलून नेलेल्या जुन्या रेल्वेची वाट, आणि शेवटी दगडाची बंद खाण, जिच्यात पाणी साठून तळं झालं होतं. चाकाखाली सगळीकडे खडी. मोटार औषधालासुद्धा नाही. दर रविवारी बाबा दारात घंटी वाजवून विचारायचे, “काय मग, येतेस?” आणि मसुदाताई आतून ओरडायची, “पुढच्या रविवारी नक्की!” हे उत्तर तिने इतक्या वेळा दिलं होतं, की त्याचा छापील नमुना करून दाराला अडकवला असता तरी चाललं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी बाबांनी अकराव्या किलोमीटरच्या दगडापाशी सायकल झाडाला टेकवली, शेजारी बसले, आणि उठले नाहीत. मेंढपाळाने पाहिलं. बागेतल्या माणसांनी त्यांना हातगाडीवरून लांबच्या पक्क्या रस्त्यापर्यंत आणलं. सायकल दोन दिवसांनी घरी आली, पुढचं चाक डिकीबाहेर लोंबकळत. ते दोन दिवस मसुदाताईला नीटसे आठवत नव्हते.

वर्ष पुरं व्हायच्या आत बाबांच्याच सायकलवरून ते एकोणीस किलोमीटर एकदा तरी जायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. सायकल घेऊन ती वाटेच्या तोंडाशी गेली, पायडलवर पाय ठेवला, आणि तिला त्या चाकोऱ्या दिसल्या. ती तशीच मागे फिरली.

“एवढ्यात आलीस?” आईने विचारलं. ती भाजी निवडत होती.

“आई, तिथून कुणीतरी मोटार घातलीय. बाबांच्या वाटेवरून!”

“मग? तू का परत आलीस?”

“अर्ज करायला हवा.”

आईने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच ताटात टाकली. “बाई गं, तू रडशील असं मला वाटलं होतं. तू अर्ज करतेयस.”

अर्ज मात्र झकास उतरला. विषय: सदर मार्ग कायमस्वरूपी वाहतूकमुक्त घोषित करणेबाबत. मार्ग अधिकाऱ्यांनी तिला तातडीने बोलावून घेतलं, कारण इतका शुद्ध अर्ज त्यांच्या कार्यालयात पूर्वी आला नव्हता. अधिकारी भला माणूस होता. त्याने चहा मागवला, चाकोऱ्यांचा सिमेंटचा साचा काढून घेण्याचा आदेश दिला आणि साच्याला ‘पुरावा क्रमांक एक’ असं नाव ठेवलं.

“गाडी कुणाची ते शोधूच आपण,” तो म्हणाला. “पण मार्ग मुक्त करायचा तर आधी त्यावर वाहतूक किती, ते मोजायला हवं.”

दोन मोजणीदार सात दिवस छत्रीखाली बसले. सात दिवसांत एक सायकल, एक्याऐंशी मेंढ्या आणि एक हरवलेला कुत्रा एवढी ये-जा झाली. मोटारी शून्य.

“अडचण झाली,” अधिकारी हळहळला. “जिथे वाहतूकच नाही, तिथून ती हटवायची कशी? निकषाप्रमाणे दिवसाला किमान दोन मोटारी लागतात.”

“पण मोजणीदार कशाने आले होते?” मसुदाताईने विचारलं. एकवीस वर्षांच्या सवयीने तिला कागदातलं भोक लगेच दिसायचं, आणि बुजवल्याशिवाय राहवायचं नाही.

“जीपने. सकाळी सोडायला, संध्याकाळी न्यायला.”

“मग झाल्या की दोन.”

अधिकाऱ्याने खुर्चीतून उठून तिच्याशी हस्तांदोलन केलं. मार्ग ‘वाहतुकीने बाधित’ ठरला, आणि मसुदाताईची मार्गासाठी नेमलेल्या समितीवर सदस्य म्हणून नेमणूक झाली.

पुढचं सगळं नियमाने झालं, हे आवर्जून सांगायला हवं. वाहतूकमुक्त मार्गाला फाटक लागतं. फाटकाला पहारेकरी लागतो, पहारेकऱ्याला खोली, आणि खोलीला विटा. विटा ट्रकने आल्या. मार्ग वाहतूकमुक्त आहे ना, हे रोज तपासायचं म्हणजे तपासणीची गाडी फिरायला हवी, म्हणून वाट दोन्ही बाजूंनी रुंद केली. बाबांच्या चाकाखालची खडी ओबडधोबड ठरली. ती काढून मान्यताप्राप्त मापाची खडी टाकायला चाळीस डंपर महिनाभर येत-जात होते. डंपरच्या धुळीने फळबागांचा मोहोर काळवंडला, तेव्हा बागवाल्यांना ‘धूळमुक्त मार्ग’ या पुढच्या टप्प्यात सामावून घेण्याचं लेखी आश्वासन मिळालं. तो मसुदाही तिचाच.

मग देखाव्यांचा प्रश्न निघाला. मार्ग ‘वैविध्यपूर्ण ग्रामीण परिसरातून’ जाणारा असल्याने निकषाप्रमाणे सहा देखावे आवश्यक होते आणि प्रत्यक्षात पाचच भरत होते. मसुदाताईने तीन पानांचं टिपण लिहून कुरणाचे ‘मेंढ्यांसह’ आणि ‘मेंढ्यांविना’ असे दोन देखावे केले. दुसऱ्यासाठी निम्म्या कुरणातून मेंढ्या हलवाव्या लागल्या. पहिल्यातल्या मेंढ्या वाट ओलांडतात, ही वाहतूकच, असा आक्षेप आला, तेव्हा त्याही हलवल्या आणि जागी अकरा लाकडी मेंढ्या बसवल्या. मेंढपाळ तिला भेटायला घरी आला. दारातच उभा राहिला.

“ताई, तुमच्या बाबांना मीच पहिल्यांदा पाहिलं होतं.”

“हो. तुमचे फार उपकार आहेत.”

“मग माझ्या मेंढ्या का हाकलल्या?”

“तुमचा अर्ज द्या,” मसुदाताई म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच आवाजाचं क्षणभर नवल वाटलं. “मी स्वतः लिहून देते.” तिने खरोखर लिहून दिला. मग समितीच्या बैठकीत तिनेच तो सकारण फेटाळला, कारण त्यात एक जोडपत्र कमी होतं.

या काळात ती वाटेवर पंधरा वेळा गेली. दर वेळी तपासणीच्या गाडीतून, काचा वर करून, कारण धूळ फार होती. सायकल घरात जिन्याखाली उभी होती. आई तिच्या सीटवरून रोज फडकं फिरवायची.

“एकदा तरी चालवलीस का?”

“आई, काम चालू आहे तिथे. पुरं झालं की पहिली मीच जाणार.”

“पुढच्या रविवारी ना?”

मसुदाताई पुढच्या पत्राकडे वळली. बाबांच्या वाटेसाठी तिने आतापर्यंत एकोणपन्नास पत्रं लिहिली होती. एकाही पत्रात बाबा नव्हते. नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

पन्नासावं पत्र मात्र तिलाच आलं. पुरावा क्रमांक एक, म्हणजे चाकोऱ्यांचा तो साचा, तीन प्रयोगशाळांतून फिरून परतला होता. टायरची जात, झीज, डावीकडच्या मागच्या चाकातला खिळा, सगळं जुळलं होतं. दोषी वाहन सापडलं. खाली गाडीचा क्रमांक होता. तो तिच्याच गाडीचा होता.

ती पत्र हातात धरून जिन्यात बसली, आणि मग ते दोन दिवस तिला एकदम आठवले. हातगाडीवरचा बाबांचा एका पायातला बूट. घरातली गर्दी. ‘सायकल तिथेच राहिलीय,’ असं कुणीतरी म्हणणं, आणि आपण किल्ली घेऊन उठणं. अकरा किलोमीटर खडीवरून आपण गाडी हाणली होती, कारण ती सायकल झाडाला टेकून एकटी उभी आहे, हे सहन होत नव्हतं.

अधिकारी खरंच हळहळला. “एका ओळीचं स्पष्टीकरण द्या. कशासाठी गेला होतात? पुढचं मी पाहतो.”

जिने मेंढ्यांविना कुरणावर तीन पानं लिहिली होती, तिला ती एक ओळ लिहायला नऊ दिवस लागले. ‘वडिलांची सायकल आणायला.’

अधिकाऱ्याने ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. “कारण समजण्यासारखं आहे,” तो म्हणाला. “पण वाहनप्रवेशाच्या मान्य कारणांच्या यादीत नाही. ती यादी...”

“मीच केलीय,” मसुदाताई म्हणाली.

त्याच यादीखालच्या तळटीपेनुसार दोषी वाहनाच्या मालकाला मार्गावर एक वर्ष प्रवेशबंदी झाली. तळटीपेची भाषा निर्दोष होती. पळवाट म्हणून नव्हती. तिने स्वतः शोधून पाहिली.

मार्ग खुला झाला. पहिल्याच रविवारी अफाट गर्दी झाली. टपावर सायकली बांधलेल्या मोटारींची रांग पक्क्या रस्त्यावर दोन किलोमीटर लागली. ही गरज समितीने आधीच ओळखली होती. लोकांना निवांत वाटेपर्यंत पोचता यावं म्हणून पक्क्या रस्त्यापासून नवा डांबरी फाटा काढून, मार्गाच्या जवळपास मधोमध, फाटकाच्या बाहेर, तीनशे गाड्यांचा वाहनतळ बांधला होता. त्याच्या कोपऱ्यात किलोमीटरचा एक दगड आणि एक झाड तसंच राहू दिलं होतं. दगडावर अकरा आकडा होता.

वाहनतळ मार्गात मोडत नव्हता. तिथे मसुदाताईला बंदी नव्हती. बाबांना जाऊन वर्ष पुरं व्हायला एक दिवस उरला असताना ती आईला घेऊन तिथे गेली. अर्थात मोटारीने, सायकल डिकीत घालून, पुढचं चाक बाहेर लोंबकळत. सायकल तिने झाडाला टेकवली आणि बाबा बसले होते तिथे बसली. आई शेजारी टेकली. फाटकापलीकडे रंगीत टोप्या घातलेली माणसं ‘येथे शांतता अनुभवा’ अशा पाटीखाली रांग लावून फोटो काढत होती.

“काय मग,” आई हळूच म्हणाली, “आलीस एकदाची.”

तेव्हा कुठे मसुदाताई रडली. चांगली हुंदके देऊन, कुठल्याही विषयाविना.

इतक्यात एक मोटार जवळ येऊन थांबली. काच खाली झाली.

“अहो बाई, ती जुनी सायकल जरा बाजूला घेता का? सावलीतली तेवढी एकच जागा उरलीय. आम्हाला आत जायचंय. म्हणतात की फार शांत आहे.”

“ही जागा घेतलेली आहे,” आई म्हणाली.

गृहस्थ वैतागून पुढे गेला. मागून दुसरी गाडी आली, तिच्यामागे तिसरी. तो पहिला गृहस्थ म्हणजे तुम्ही नव्हतात, हे मान्य. तुम्ही रांगेत बरेच मागे होतात, आणि पुढच्यांच्या धुरामुळे काचा वर केल्या होत्या.