आर-कुटातल्या सवाष्णी

दैवशालाबाईंच्या सगळ्या भानगडीचं मूळ एकच होतं: सात सवाष्णी. शुक्रवारचं लक्ष्मीचं व्रत निर्विघ्न पार पडलं होतं आणि उद्यापन तोंडावर आलं होतं. पण पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याच्या नव्या कॉलनीत राहायला आल्यापासून त्यांची ओळख झाली होती ती फक्त एका दूधवाल्याशी. (आणि तो सवाष्ण म्हणून चालला नसता.) गावात देवळाच्या पायरीवरून नुसती हाक मारली असती, तर सात मागता सतरा आल्या असत्या. इथं समोरच्या उषाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेल्या, तर त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतूनच विचारलं, "काय विकायचंय?"

"आई, तू ऑर्कुट जॉइन कर," आकांक्षा म्हणाली. लेक कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, आणि तिच्यासाठी घेतलेलं सेकंडहँड यंत्र देवघराच्या शेजारीच मांडलेलं होतं. "तिथं नव्या मैत्रिणी मिळतात."

"दाण्याचं कूट म्हाईत, तिळाचं कूट म्हाईत. हे आर-कूट कशाचं असतं?"

"अगं, नाव लिहायचं, फोटो लावायचा. जगभरच्या लोकांशी ओळख होते."

"जगाला घेऊन काय करू? जुन्या जालन्यातल्या दोनचार सवाष्णी दिसतात का बघ."

दैवशालाबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि त्या आर-कुटात दाखल झाल्या. परक्या लोकांना आपला चेहरा कशाला दाखवायचा, म्हणून फोटो रेणुकामातेचा लावला. परिणाम असा झाला, की मैत्रीण एकही मिळायच्या आधी कुणा पोराने 'माते, नोकरी लागू दे' म्हणून लिहिलं. दैवशालाबाईंनी आशीर्वाद दिला आणि आकांक्षाकडून मैत्रीचा अर्ज फेटाळून घेतला.

कारण तिथं बायांची नावं लावून बाप्ये हिंडतात, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी परीक्षाच ठेवली. येईल तिला एकच प्रश्न: उपवासाची भगर मोकळी कशी होते? 'स्वीटी' नावाच्या बाईने लिहिलं, 'मी भगर पीत नाही, पण तुम्ही पाजली तर पिईन.' स्वीटीला तिथल्या तिथं हाकललं. उलट संध्या नावाच्या बाईने 'आधी तुपावर भाजा, मग उकळतं पाणी' असं बिनचूक उत्तर दिलं, आणि सत्यशीला नावाच्या बाईने तर वर 'झाकण लगेच काढू नका' अशी तंबीही दिली. बाप्याला एवढं ज्ञान असणं शक्यच नव्हतं. अशा एकेक करत सात जणी परीक्षेत पास झाल्या. दैवशालाबाईंचे डोळे भरून आले. या परक्या शहरात भगर कळणारी माणसं होती तर!

आता तिथं एकमेकींना जी चिठ्ठी टाकतात, तिला 'स्क्रॅप' म्हणतात. दुसऱ्या एखाद्या गावात या शब्दाने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हे पडलं जालना, लोखंडाच्या मिलांचं गाव. इथं स्क्रॅप म्हणजे भंगार. ते ट्रकांनी येतं, काट्यावर वजन होतं आणि भट्टीत जातं. आणि दैवशालाबाईंचे यजमान धर्मराज एका मिलमधे काट्यावरच कारकून होते. त्यातून सध्या मिलमधलं भंगार कुणीतरी परस्पर बाहेर विकत होतं, आणि 'कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवू नका' असं मॅनेजरसाहेबांनी काट्यावरच्या सगळ्यांना बजावलं होतं. धर्मराज मूळचेच असे, की उसळीतला बटाटासुद्धा दोनदा उलटून बघायचे. तेव्हा हे आर-कुटाचं प्रकरण दैवशालाबाईंनी त्यांच्या कानावर घातलंच नव्हतं.

एका रविवारी यजमान वर्तमानपत्राआड झोपलेत, असं समजून त्या फोनवर संध्याशी बोलत होत्या.

"काल तुमचा स्क्रॅपच आला न्हाई, मी वाट बघून राह्यले... छोटा नको, चांगला मोठा टाका. पण दुपारी टाका, तवा हे मिलमधे असतात... हो, सत्यशीलाबाईंचा तर रोज येतो! मंग शुक्रवारी बराबर बाराला सगळ्या जणी या. सात पाहिजेत बघा, एक जरी कमी पडली तरी सगळं पाण्यात!"

वर्तमानपत्र थरथरलं.

त्या दिवसापासून धर्मराजांचं वागणं बदललं. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारा माणूस भांड्यांच्या फळीपुढे उभा राहू लागला. टिचकी मारून तांब्याचा आवाज ऐकू लागला.

"घरात पितळ किती असंल?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का हो?"

"न्हाई, उगीच. आजकाल भाव बरा आहे म्हणे." आणि बायकोच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले.

दैवशालाबाईंना वाटलं, उद्यापनाला मोठी भांडी लागणार, म्हणून काळजी करून राह्यले. देवी पावली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने व्रतात लक्ष घातलं होतं.

आणि गुरुवारी माहेरचं पितळी पातेलं गायब झालं. सात जणींची खीर मावेल असं ते एकच होतं, आणि नुकतीच त्याला कल्हई करून आणली होती. दैवशालाबाईंनी माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं, दूधवाल्याच्या सायकलच्या पिशवीत पाहिलं. (दूधवाल्याने तेव्हापासून बोलणं टाकलं, होती ती ओळखही गेली.)

"अहो, पातेलं पाहिलं का?"

"मला काय म्हाईत?" धर्मराज चपलेकडे बघत म्हणाले आणि जल्दीने स्कूटर काढून पसार झाले.

मग दैवशालाबाईंनी सगळ्या मैत्रिणींना एकच स्क्रॅप टाकला: 'पातेलं गेलं. खीर कशात करू?' संध्याकाळी सत्यशीलाबाईंचं उत्तर आलं: 'रडू नका. मी माझं घेऊन येते.'

शुक्रवारी बाराला बाया आल्या. पण आधी सगळ्या फाटकाबाहेरच थांबून एकमेकींना न्याहाळत राहिल्या. "खरंच बाई आहात हो तुम्ही!" संध्या हसून म्हणाली. "मला शंका होती, म्हणून आमच्या भाऊजींना कोपऱ्यावर स्कूटर चालू ठेवून उभं केलंय." खीर शिजली, पाट मांडले, आणि मोजल्या तर सवाष्णी सहाच! दैवशालाबाईंनी पुन्हा मोजल्या, तरी सहाच. तेवढ्यात समोरची साखळी खळकन वाजली. वेलचीच्या वासाने म्हणा की उत्सुकतेने म्हणा, उषाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काही विकायचं न्हाई ना?"

"न्हाई हो माय! या, पाटावर बसा!"

सात झाल्या. पहिला घास उचलणार, तोच दार धाडकन उघडलं. धर्मराज, आणि मागे मिलच्या गेटवरचा वॉचमन भुजंग, काठीसकट.

"रंगेहाथ पकडलं! भुजंग, दार लाव! हे पातेलं कुठून आणलं?"

"मिलच्या क्वार्टरमधून," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या.

"कबूल केलं! ऐकलं ना भुजंग?"

भुजंगाच्या हातून काठी पडली होती. त्याने सॅल्यूट ठोकला. "साहेब, ह्या... ह्या आपल्या म्यानेजरसाहेबांच्या बाईसाहेब हायेत."

सत्यशीलाबाई उठू लागल्या. सवाष्ण उपाशी पाटावरून उठली, की उद्यापन मोडलं! दैवशालाबाईंनी हात जोडले. "बाई, यांच्याकडं बघू नका, देवीकडं बघा." मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि माझं पातेलं?"

"मिलमधे. माझ्या लॉकरात," धर्मराज पुटपुटले. "तू भंगारात घालशील म्हणून."

"माहेरचं पातेलं?"

"मंग तो स्क्रॅप? रोजचा? मोठा?"

आकांक्षाने कॉम्प्युटर चालू केला. धर्मराजांनी चष्मा लावून वाचलं: 'आज चतुर्थी. मोदक फुटू नये म्हणून काय करता?' खाली-वर पाहिलं. वजन कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मी बसते," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पण ज्यांनी चोर म्हटलं, त्यांनी वाढायचं."

आणि धर्मराजांनी घाम पुसत सातही जणींना आग्रह करकरून खीर वाढली. उषाबाईंनी तिसऱ्यांदा घेतली. उद्यापन साजरं झालं; जाताना सगळ्यांनी दैवशालाबाईंना पुढच्या शुक्रवारचं आपापल्या घरचं बोलावणं केलं.

शनिवारी धर्मराज पातेलं आणायला गेले. गेटवर तोच भुजंग. "आत काय बी न्या साहेब. धातू बाहेर जात न्हाई. हुकूम हाय. आधी चौकशी."

अंधार पडला तरी स्कूटर काही आली नाही. मग कॉम्प्युटरवर सत्यशीलाबाईंचा स्क्रॅप आला: 'तुमचं पातेलं सोडलं. मिस्टरांची चौकशी अजून चालू आहे. काळजी करू नका.'

दैवशालाबाईंनी देवीला नमस्कार केला आणि एकेक अक्षर शोधत उत्तराचा स्क्रॅप टाकला: 'पातेलं जपून पाठवा, कल्हई नवी आहे. यांची घाई न्हाई.'