पुढाऱ्यामागे अकरा सायकली

मी फक्त हात वर केला. बावीस वर्षांच्या नोकरीत मी ऑफिसात हात वर केला असेल तो पंखा वाढवायला. पण त्या शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "नवा पुढारी कोण होणार?" आणि माझा हात मला न विचारता वर गेला.

पुढारी म्हणजे मतं मागणारा नव्हे. आमच्या ऑफिसातले आम्ही काही जण रोज सायकलने कामावर येतो, आणि तेही एका रांगेत. पाण्याच्या टाकीपाशी जमायचं, एकामागे एक निघायचं, अर्ध्या तासात ऑफिसच्या फाटकात. सगळ्यात पुढे जो असतो तो पुढारी. नियम दोनच. पुढारी करेल तेच मागच्यांनी करायचं आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या मागच्या चाकावरून नजर हलवायची नाही. (संसाराचे नियमही साधारण असेच असतात. फक्त तिथे पुढे मी नसतो.)

आजवर पुढारी होते स्टोअरकीपर. त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्यांची सायकल बंद केली. माझा वर गेलेला हात साहेबांनी नीट बघून घेतला. मग म्हणाले, "सोमवारी बघू. सगळे दहाच्या आत पोहोचले, तर तुम्हीच कायम."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "अगं, माझ्यामागे अकरा माणसं असणार आहेत!"

"का? काय केलंत?"

शनिवार-रविवार मी सायकल घासली. चेनला तेल, चाकांना हवा, घंटी इतकी वाजवून पाहिली की शेजारचे दोनदा दार उघडून गेले. रविवारी झोप कसली ती लागली नाही. वेळेत कसूर नको म्हणून मी सगळ्यांना टाकीपाशी नेहमीच्या सव्वानऊऐवजी साडेआठलाच बोलावलं होतं. (त्यावर कोण काय बोललं ते टायपिस्टबाईंनी मला नंतर सांगितलं. इथे छापण्यासारखं नाही.)

सोमवारी साडेआठला शिट्टी फुंकली आणि निघालो! माझ्यामागे टायपिस्टबाई, सहाव्या नंबरवर साहेब, शेवटी वॉचमन. मी उजवा हात केला की अकरा उजवे हात बाहेर. मी घंटी वाजवली की अकरा घंट्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला तर वाटलं, हा रस्ता माझ्यासाठीच बांधलाय. चौकात पोहोचेपर्यंत माझी छाती इतकी फुगली होती, की शर्टाचं एक बटण तुटलं.

बटण कुठे पडलं ते चाचपायला खिशाला हात लावला. खिशात चष्मा नव्हता.

लांबचं मला उत्तम दिसतं. जवळचं अक्षर मात्र चष्म्याशिवाय म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. गेल्याच महिन्यात मी चष्मा विसरलो आणि 'मंजूर'चा शिक्का मारायच्या जागी 'रद्द'चा मारून बसलो. तोही साहेबांच्याच रजेच्या अर्जावर. तेव्हा ते म्हणाले होते, "परत चष्मा विसरलात तर तुमची खुर्ची आणि माझी सहनशक्ती, दोन्ही संपली असं समजा." आता तेच साहेब माझ्यामागे चार सायकली सोडून येत होते. थांबून सांगायचं तरी कसं? पुढारीपण तिथल्या तिथे गेलं असतं.

मी काही सांगितलंच नाही. ऐटीत डावा हात केला आणि वळलो. अकरा डावे हात, अकरा सायकली, सगळं लटांबर माझ्या घराच्या दिशेने.

"नवीन रस्ता वाटतं!" मागून साहेबांचा आवाज आला. "छान, छान!"

बिल्डिंगपाशी उतरलो. माझा बेत सरळ होता. सगळे खाली दम खातील, मी दोन मिनिटांत वर जाऊन येईन. पण माणूस सवयीचा गुलाम. खालून दोनदा चोरी झाल्यापासून मी सायकल खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर नेतो. त्या दिवशीही खांद्यावर टाकली आणि चढू लागलो. पहिल्या मजल्यावर मागे धडधड ऐकू आली. वळून बघतो तर टायपिस्टबाई सायकल खांद्यावर घेऊन माझ्या मागोमाग, त्यांच्यामागे कॅशियर आणि खाली वळणावर साहेब. त्यांचं हँडल कठड्यात अडकलं होतं आणि वॉचमन खालून ढकलत होता.

"थांबा, थांबा! तुम्ही कशाला?" मी ओरडलो.

"नियम आहे ना," टायपिस्टबाई धापा टाकत म्हणाल्या.

"व्यायामाचा हा भाग झकास आहे," साहेब खालून म्हणाले. "स्टोअरकीपरला कधी सुचलं नाही!"

बायकोने दार उघडलं. डोक्याला तेल, हातात कंगवा. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे, मग परत माझ्याकडे.

"अहो, हे काय?"

"चष्मा," मी कुजबुजलो.

"बारा जणांना मिळून एक चष्मा सापडत नाही?"

मी आत पळालो. चष्मा शोधायला चष्मा लागतो हे ज्याला कळलं नाही, त्याच्या डोळ्यांना देव सुखी ठेवो. मी कपाट उपसलं, गाद्या उलटल्या, फ्रिजमध्येसुद्धा पाहिलं. बाहेर बायको सगळ्यांना पाणी देत होती. सायकली सोफ्यावर टेकलेल्या, एक टीव्हीला. साहेब माझ्या खुर्चीत. त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, म्हणजे बायको माझ्याबद्दलच काहीतरी सांगत असणार. मग आवाज कमी झाले. मला वाटलं, बिचारे दमले.

शेवटी चष्मा सापडला तो बाल्कनीतल्या बादलीत, सायकल पुसायच्या फडक्याखाली. मी विजयी वीरासारखा बाहेर आलो. "चला!"

हॉलमध्ये कुणी नव्हतं. एकच सायकल होती, माझी.

"गेले सगळे," बायको वेणी घालत म्हणाली. "तुमचं शोधणं म्हणजे तासाभराची निश्चिंती. कशाला लोकांचा खाडा करायचा? मीच त्या बाईंना हळूच म्हटलं, निघा. त्या उठल्या तसे बाकीचे मागोमाग."

मी जिवाच्या आकांताने सायकल हाणली. ऑफिसात शिरलो तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सगळं संपलं, असं म्हणत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी माझा हात हातात घेतला!

"जिन्यानंतर काय चालवलंत हो तुम्ही! ना शिट्टी, ना घंटी, ना ते हातवारे. नियमाप्रमाणे माझी नजर पुढच्याच्या चाकावरच होती, तरी कळलं, एकदाही वेडंवाकडं वळलात नाही. दहाला पाच कमी असताना आम्ही फाटकात. पुढारी असावा तर असा."

मी केबिनच्या काचेतून बाहेर बसलेल्या टायपिस्टबाईंकडे पाहिलं. दुसऱ्या नंबरवरून पहिल्यावर आल्या होत्या त्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्या माझ्या नेमणुकीचा कागद टाइप करत होत्या.

"बाई, खरं म्हणजे तुम्ही..." मी बाहेर आल्यावर पुटपुटलो.

"मला नको तुमचं ते पद," त्या म्हणाल्या. "पुढे असलं की मागच्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. भयंकर आनंद झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कशाततरी कायम झालो होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी दोन कागद बायकोपुढे ठेवले. दोन्हींवर सही साहेबांची, तारीख आजची. पहिल्यात लिहिलं होतं, सर्वांना वेळेत पोहोचवल्याबद्दल पुढारीपदी कायम. दुसरा होता मेमो, हजेरीबुकावरून काढलेला, कामावर पंचवीस मिनिटं उशिरा आल्याबद्दल.

बायकोने दोन्ही कागद शांतपणे वाचले. पुन्हा वाचले. मग म्हणाली, "बरोबर आहे की. उद्यापासून त्या अकरा जणांना पुढे जाऊ द्या आणि तुम्ही घरीच थांबत जा. सगळे वेळेवर पोहोचतील."