दोन इमारतींमधलं ट्रंकिंग

शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवलेल्या शिंप्याचं उजवं मनगट मोडलं होतं, आणि त्या मनगटाचा एक्स-रे दोन इमारतींच्या मध्ये कुठेतरी अडकला होता.

एक्स-रे साठवायची यंत्रं इस्पितळाच्या जुन्या इमारतीत, शस्त्रक्रियागृह नव्या इमारतीत. दोन्हीकडे कॉम्प्युटर जोडणारा एकेक नेटवर्क स्विच, मध्ये केबल. त्या एकाच केबलवरून एक्स-रे, रक्ततपासण्या, कर्मचाऱ्यांची हजेरी ही सगळी माहिती एकमेकींत न मिसळता जावी, म्हणून दोन्ही टोकांना ट्रंकिंग नावाची सेटिंग जुळावी लागते. जुन्या इमारतीतला स्विच नवरा सांभाळायचा, नव्यातला बायको. दोघंही कामात तरबेज; फक्त रविवारपासून एकमेकांशी बोलत नव्हती. नवऱ्याने दिवसभर खपून जोडलेल्या पुस्तकांच्या कपाटाला बायको त्याच्या आत्यादेखत "जरा तिरकं आहे" म्हणाली होती. कपाट खरोखरच तिरकं होतं, हे दुःख आणखी वेगळं.

त्या सकाळी दोघांनीही ट्रंकिंग 'ऑटो'वर ठेवलं. 'ऑटो' म्हणजे समोरून विचारणा आली तर लगेच हो म्हणायचं. आपण होऊन मात्र विचारायचं नाही. पलीकडून 'ऑन' होईल, म्हणजे विचारणा तिकडूनच येईल, असं दोघांनीही गृहीत धरलं. दोन्ही स्विच अत्यंत सभ्यपणे एकमेकांची वाट पाहत बसले. ट्रंकिंग नसलं की केबलवरून एकाच प्रकारची माहिती जाते, त्यामुळे हजेरी तेवढी सुरळीत गेली.

इस्पितळाच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंनी नवऱ्याला फोन लावला. "साहेब, सर्जनना एक्स-रे दिसत नाहीये. पेशंटला टेबलावर घेतलंय."

"माझ्याकडून सगळं बरोबर आहे. मॅडमना विचारा."

"घरच्या मॅडमना?"

"नव्या इमारतीतल्या."

"म्हणजे त्याच ना?"

नवऱ्याने फोन ठेवला. बाईंनी मग बायकोला गाठलं.

"त्याला सांगा, दर वेळी मीच का सुरुवात करायची?" बायको म्हणाली.

बाईंनी निरोप जसाच्या तसा पोचवला. एवढ्यात सर्जनचा पुन्हा फोन आला. "हातावर पोट आहे या माणसाचं. मी अंदाजाने सुरी लावणार नाही. आणि तो विचारतोय, मोडलंय काय, माझा हात की तुमचा कॉम्प्युटर?"

हेही बाईंनी दोन्हीकडे कळवलं. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने मुकाट्याने आपलं टोक 'ऑन' केलं. त्याच वेळी जुन्या इमारतीत नवऱ्याला वाटलं, ती काही हलायची नाही. त्याने ट्रंकिंग बंदच केलं आणि सबंध केबल एकट्या एक्स-रेला देऊन टाकली. पलीकडच्या स्विचला ते मानवलं नाही. आता एक्स-रे तर नाहीच, हजेरीही थांबली, आणि इस्पितळाचे प्रशासक धावत खाली आले.

शेवटी नवऱ्याने स्वतः नंबर फिरवला.

"ऐक."

"बोल."

"मी ऑफ केलंय."

"अरे देवा, आणि मी ऑन! कशाला केलंस?"

"शिंप्यासाठी."

"मीपण."

"थांब, माझ्याकडचं पूर्ववत करून ऑन करतो. तू आहेस तशीच राहा. काही बदलू नकोस."

वाक्य स्विचबद्दल होतं, तरी बायको की-बोर्डवरून हात काढून खुर्चीत मागे टेकली. मग हळूच म्हणाली, "बरं."

ट्रंकिंग जुळलं. शस्त्रक्रियागृहातल्या पडद्यावर मनगट उमटलं. सर्जननी हाडं नीट बसवली, आणि संध्याकाळी शिंप्याने नर्सला बोटं हलवून दाखवली. नवरा-बायको शेजारी उभं राहून ती बोटं पाहत होती. बायकोचे डोळे भरून आले होते. नवऱ्याने आपला रुमाल पुढे केला.

तेवढ्यात प्रशासकांनी दोघांना बोलावून घेतलं. ही नवरा-बायको आहेत, हे सगळ्या इस्पितळात फक्त प्रशासकांनाच ठाऊक नव्हतं.

"घोळ झाला तो तुम्ही एकमेकांशी बोलत नाही म्हणून," ते गंभीरपणे म्हणाले. "उद्यापासून दोघांनी एकाच खोलीत बसायचं. समोरासमोर. दिवसभर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एका दमात, एका सुरात म्हणाली, "नको, साहेब!"

"पाहिलंत?" प्रशासकांचा चेहरा उजळला. "आत्तापासूनच किती जुळतंय!" आणि टेबल हलवायला त्यांनी शिपायाला हाक मारली.