गेंदाबाईची अनामत

एका जंगलात, बाळांनो, हत्तींची एक पायवाट होती आणि ती कायम लख्ख असायची. हत्ती चालता चालता मागे काय टाकत जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. नाकं मुरडू नका. गोष्ट शेणाचीच आहे.

हे शेण उचलायचा लोटन नावाचा शेणकिडा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी पगारही देत नव्हतं. शेणाचा गोळा वळायचा आणि मागच्या पायांनी ढकलत घरी न्यायचा. तेच जेवण. त्यातच त्याची बायको गेंदाबाई अंडं घालायची. पोर गोळ्यात जन्मायचं आणि गोळा खाऊन मोठं व्हायचं. झकास चाललं होतं.

मग सिंहमहाराज परदेशातली जंगलं बघून आले. आल्या आल्या त्यांनी प्रधान कोल्ह्याला विचारलं, "आपल्याकडे सफाईचं कंत्राट कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही, महाराज. वाट आपोआप साफ होते."

"आपोआप? शी! बाहेर कळलं तर काय म्हणतील आपल्याला?"

झालं. दवंडी पिटली. आजपासून शेण ही सरकारी मालमत्ता. कंत्राटदार सोडून कुणी शेणाला पाय लावला, तर चोरीचा गुन्हा.

लोटनच्या तोंडचं पाणी पळालं. घरात एकच गोळा शिल्लक होता.

"आता कंत्राट आपणच घ्यायचं," तो म्हणाला.

"अहो, आपल्याला कोण देणार?"

"का नाही देणार? या कामात आपल्या तोडीचं आहे कोण?"

भोळा हो बिचारा! गेला कचेरीत. तिथे घोरपडबाई खुर्चीला घट्ट धरून बसल्या होत्या.

"आधी उद्योगाची नोंदणी," त्या म्हणाल्या. "उद्योगाचं नाव?"

"नाव कशाला, बाई? मी शेण ढकलतो."

"बिननावाचा उद्योग नसतो."

लोटन लाजला. "मग लिहा, गेंदाबाई गोळा उद्योग."

"इथे अंगठा लावा."

"अंगठा नाही, बाई. सहा पाय आहेत."

"सहाही लावा."

प्रमाणपत्र मिळालं! लोटननं ते बिळाच्या तोंडाशी टांगलं. ते बिळापेक्षा मोठं निघालं. आत जायचं तर काढायचं, बाहेर आलं की पुन्हा लावायचं. पण आपलं नाव वाचून गेंदाबाईला कोण आनंद झाला!

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग कळलं, निविदा भरायची तर अनामत ठेवावी लागते. काहीतरी मोलाचं. निकाल लागला की परत.

मोलाचं घरात एकच होतं. गेंदाबाई गोळ्याला मिठी मारून बसली.

"अहो, कालच अंडं घातलंय मी यात! पोर आहे आपलं!"

"अगं, परत मिळणार आहे. कंत्राट नाही घेतलं तर हे पोर पुढे खाणार काय?"

"आणि नाही मिळालं परत तर?"

"सरकार आहे ते. सरकार कशाला बुडवेल?"

ती रडली. तोही रडला. आणि रडत रडत त्यानं गोळा कचेरीत नेला. घोरपडबाईंनी तो कपाटात ठेवून सील ठोकलं.

निकाल लागला. लोटन बाद.

"सरकारी कामाचा तीन वर्षांचा अनुभव नाही तुम्हाला," घोरपडबाई म्हणाल्या.

"बाई, आमच्या पिढ्यान् पिढ्या शेणात गेल्या!"

"ते खाजगी शेण होतं."

"मग सरकारी अनुभव मिळतो कुठे?"

"सरकारी कामात."

कंत्राट मिळालं वानराला. त्याला अनुभव होता. महाराजांच्या वाढदिवसाला सलग तीन वर्षं त्यानं झाडावरून फुलं टाकली होती.

"बरं, माझी अनामत तरी द्या," लोटन म्हणाला.

"कपाटाला सील आहे. ते तोडायचं तर अर्ज करा."

"द्या, आत्ता करतो."

"अर्जाचे कागद त्याच कपाटात आहेत."

पुढे दोघं कुजकी उंबरं खाऊन दिवस काढू लागली. गेंदाबाई मात्र रोज कचेरीत जायची आणि कपाटाला डोकं लावून उभी राहायची. आतून कुरुकुरु आवाज यायचा. "जिवंत आहे हो!" म्हणून ती हसायची आणि हसता हसता रडायची.

अशी तीन वर्षं गेली. शेणकिडा इतकी वर्षं जगतो का, असं विचारणाऱ्या मागच्या बाकावरच्या शहाण्यानं वर्गाबाहेर उभं राहावं.

वानर काही झाडावरून उतरला नाही. वाटेवर शेणाचे डोंगर झाले आणि एका सकाळी महाराज त्यात मिशांपर्यंत बुडाले. वानराची हकालपट्टी झाली. नवी निविदा काढायची म्हणून घोरपडबाईंनी सील तोडलं.

कपाटातून एक गलेलठ्ठ शेणकिडा बाहेर आला आणि त्यानं ढेकर दिली. गोळा नव्हता. अर्जाचे कागदही नव्हते.

"अगं बाई! सरकारी ताब्यातली अनामत गेली!" घोरपडबाईंची खुर्चीवरची पकड पहिल्यांदाच सुटली. "आता माझी चौकशी लागणार!"

प्रधान कोल्हा शांत होता. "हा कचेरीत किती वर्षं आहे?"

"तीन वर्षं."

"रजा?"

"एकही नाही."

"मग याच्याइतका अनुभवी दुसरा आहे कोण? देऊन टाका कंत्राट. कंत्राटदार मिळाला की अनामतीचं कोण विचारतंय?"

लेक कंत्राटदार झाला. गेंदाबाईनं त्याच्या अंगावरून सहाही पाय फिरवले. पण लेकाला गोळा वळता येईना, की ढकलता येईना. त्यानं लोटनला रोजावर ठेवलं.

"बाबा, जरा हळू ढकला," तो सावलीत बसून सांगायचा. "धूळ उडते."

लोटनला फार लागायचं. पण वाट पुन्हा लख्ख झाली आणि घरात पुन्हा शेण आलं.

मग ओढ्याकाठच्या सफाईची निविदा निघाली. लोटननं घरातला नवा गोळा पाचोळ्याखाली लपवला.

"मेलो तरी या वेळी अनामत भरायचा नाही," तो म्हणाला.

गेंदाबाईनं गोळा बाहेर काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"मुकाट्यानं भरून या."

"अगं, पण यात तू..."

"हो," गेंदाबाई म्हणाली. "दोन घातलीत."

तात्पर्य : शहाण्या आईबापांनी मुलांना कामधंदा शिकवत बसू नये. त्यांना वेळेवर सरकारजमा करावं.