दहा लाखांत बावन्न

पांडूचं यंत्र मी फ्रिजमध्ये ठेवलं, हे आधीच कबूल करून टाकते. दह्याचं पातेलं आणि कढीपत्त्याची जुडी यांच्या मधोमध. मी तेव्हा अगदीच तरुण होते, अडुसष्ट वर्षांची, आणि त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. यंत्राला सहज बोट लावलं तर चटका बसला. तापलेल्याला गार करावं, एवढं वैद्यक मला येत होतं.

पांडुरंगराव, म्हणजे पांडू, आमच्या तंजावूरच्या घराला लागून राहतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान, टेलिफोन खात्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मला अक्का म्हणतो आणि माझ्या सांबाराला नावं ठेवतो. नुसतं ‘खारट’ म्हणत नाही. "मीठ दहा लाखांत दोनशे जास्त," असं म्हणतो. ही भाषा त्या यंत्राची.

यंत्र म्हणजे अंगठ्याएवढा रेडिओ. तो कंप्युटरला खोचायचा. हवेतला आवाज पडद्यावर उभ्या रेघेसारखा दिसतो. खोड एकच. त्याच्या पोटातला स्फटिक स्वस्तातला असतो, म्हणून आकडा दाखवतो एक आणि स्टेशन असतं जरा बाजूला. गरम झाला की एक चूक, गार असला की दुसरी. ही चूक दहा लाखांत किती ते मोजायचं आणि कंप्युटरला सांगायचं, म्हणजे तो तेवढं सरकून ऐकतो. पांडूच्या यंत्राची चूक बावन्न. लोक नातीचे मार्कसुद्धा इतक्या मायेने सांगत नाहीत.

रोज सकाळी साडेसहाला तो शेजारच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरशी यंत्र ताडून बघायचा. टॉवरचा आकडा खरा, आपला खोटा, मधलं अंतर वहीत. खोलीत तापमापक, दाराला फट राहू नये म्हणून जुन्या वेष्टीची, म्हणजे त्याच्या पांढऱ्या लुंगीची, सुरळी, आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने यंत्राचं मन बदलतं. आम्ही घामाने भिजून कॉफी प्यायची. मी एकदा म्हटलं, "अरे, जरा चुकलं तर काय बिघडतं?" त्याने पसरट डबऱ्यातली कॉफी पेल्यात ओतायची थांबवली. "चुकू दे की, अक्का. किती चुकलं ते कळलं पाहिजे."

हे सगळं कशासाठी, तर सात वाजता येणाऱ्या सेल्वमसाठी. सेल्वम त्याचा खात्यातला जोडीदार, दोघांनाही तारेच्या कटकटीत, म्हणजे ठिपक्या-रेघांच्या सांकेतिक भाषेत, बोलायचं वेड. राहायला तिरुवैयारुला, म्हणजे टाऊन बसने पाऊण तास. तीन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला, वाचा गेली. उजवा हात तेवढा राहिला. त्या हाताने तो रोज सातला आपल्या घरगुती ट्रान्समीटरवर कटकट करायचा, आणि इकडे पांडू ती वहीत उतरवायचा: झोप लागली, नात नापास झाली, रसमला चव नव्हती. सिग्नल अगदी बारीक, म्हणून पांडू पडद्यावरची ऐकायची खिडकी बोटभर अरुंद करून नेमका तिथेच कान लावून बसायचा. मग आपल्या ट्रान्समीटरवरून उत्तर पाठवायचा. पण त्याच्या घरी भेटायला मात्र कधी गेला नव्हता. का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने तापमापक बघायला सुरुवात केली असती.

तर त्या दिवशी सहाला तो दूध आणायला गेला आणि मला म्हणाला, जरा बसा. मी बसले. बोट लावलं. चटका बसला. यंत्र उपसलं, फ्रिजमध्ये ठेवलं, दहा मिनिटांनी काढलं, पदराने पुसलं आणि होतं तिथे खोचलं. तो यायच्या आत सगळं जागच्या जागी. स्वतःवर फार खूश होते मी.

साडेसहाला त्याने गारठलेल्या यंत्राची चूक मोजली. एकेचाळीस. भुवया चढवल्या, पण टॉवर खोटं बोलत नाही, म्हणून तोच आकडा घातला. मग खोलीच्या उकाड्यात यंत्र हळूहळू तापत गेलं आणि मोजलेली चूक जुनी झाली. सात वाजले. खिडकी रिकामी. सव्वासात झाले. पांडूने इयरफोन काढले, पुन्हा घातले.

"सेल्वम आला नाही," तो म्हणाला.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. फ्रिज जिभेवर आला होता, पण मी गिळला. पांडू उठला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी घालून बस स्टँडकडे निघाला. मोबाइल टेबलावरच राहिला.

मी यंत्रासमोर बसले. आवाज हरवला की आधी खिडकी रुंद करावी, हे त्याने मला शंभरदा सांगितलेलं. घाबरल्यावर त्याला स्वतःलाच आठवलं नाही. मी माउसचं चाक फिरवलं. खिडकीच्या जेमतेम बाहेर एक बारीक रेघ उठत होती, विझत होती, परत उठत होती. सेल्वम तिथेच होता. पंधरा मिनिटं बिचारा भिंतीपलीकडे दार ठोकत होता, आणि पांडू त्याचं मरण डोक्यात घेऊन बसमध्ये बसला होता. मी त्या पडद्याला तमिळ आणि मराठी अशा दोन्ही भाषांत सांगितलं की बाबा, तो येतोय. पडद्याला काय कळणार.

दुपारी दोन वाजता पांडू परतला. ओट्यावर बसला, माझी चप्पल माझ्यासमोर नीट ठेवली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: चटका, फ्रिज, दही, पदर. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. तो आकडा सांगेल, असं मला वाटलं. पण म्हणाला:

"हॉस्पिटलात एकदाच गेलो होतो, अक्का. त्याचं तोंड नुसतं हलताना बघितलं आणि पळून आलो. आज यंत्र बरोबर असतं तर आजही घरीच बसलो असतो. गुरुवारी परत जायचंय. इडल्या तुम्ही करून द्या, पण मऊ करा, त्याला गिळायला जड जातं."